दोन तास दहा मिनिटं

६ मार्च

चि. मिनिटराव यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. मनापासून दिलेत असं समजू नकोस. फोन सोडून पत्र का, असा प्रश्न पडला असेल. फोनवर माझं तिसरं वाक्य सुरू झालं की तुझं कुठलं तरी विमान सुटायचं असतं आणि तू ठेवतो म्हणतोस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. बाजूला टाकलंस तरी ते तुझ्या टेबलावर तुझ्याकडे बघत पडेल.

आईच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, एवढं तुला माहीत आहे. किती बिघडलंय ते माहीत नाही, कारण तू विचारत नाहीस. आंघोळ करून खोलीत येईपर्यंत तिला आता दोनदा बसावं लागतं. जिन्याच्या वळणावर मी एक स्टूल ठेवलंय. झडप बदलायची म्हणून डॉक्टरबाईंनी आतापर्यंत दोन तारखा दिल्या, दोन्ही आईने परत पाठवल्या. तिसरी २ एप्रिलची आहे. बाई मला बाजूला घेऊन स्पष्ट म्हणाल्या की यापुढे तारीख मिळणार नाही, कारण यापुढे ऑपरेशन सोसण्याइतकी ताकदच तिच्यात उरणार नाही. कागदावर आईची सही हवी, आणि आई सही करत नाही.

का करत नाही तेही वाच, आणि खुर्चीत बसून वाच. नोकरी लागली तेव्हा तू तिला सांगितलं होतंस की आपल्या दोन शहरांमध्ये फक्त दोन तास दहा मिनिटांचं अंतर आहे, दुपारची डुलकी काढून तू उठशील तोवर मी दारात उभा. तिने त्याची खूणगाठ बांधली. आता ती डॉक्टरबाईंना सांगते की माझा मुलगा दोन तास दहा मिनिटांवर राहतो. जिवावरचं दुखणं असतं तर तो कधीच आला असता. ज्या अर्थी आला नाही त्या अर्थी मला विशेष काही झालेलं नाही, तुम्ही उगाच घाबरवता. बाईंनी झडपेचं चित्र तीनदा काढून दाखवलं. आई म्हणाली, चित्र छान काढलंत.

कळलं का काही? तुझं न येणं हाच तिचा रिपोर्ट झालाय. यंत्रं, रक्ताच्या चाचण्या, बाईंचं पंचवीस वर्षांचं शिक्षण, सगळं एका पारड्यात आणि तुझी मिनिटं दुसऱ्या पारड्यात. आणि जड कोण, तर तू!

मी दिवसभर कारखान्यात लोकांचे दात घडवते आणि घडवता घडवता तुझे घशात घालायचे बेत करते. परवा रागाच्या भरात एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी इतकी घासली की त्यांना बोलावून पुन्हा माप घ्यावं लागलं. त्यांनी घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. काय सांगणार, कप्पाळ?

ये. एक दिवस तिच्यासमोर उभा राहा आणि सांग की तू आजारी आहेस. माझं ती ऐकत नाही. रोज दिसणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो मागण्याइतकी शांत मी आज नाही.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या हुकमाप्रमाणे खुर्चीत बसून वाचलं.

तू दात घडवतेस तसे मी विमानांचे कागद घडवतो. कुठल्या वाटेने जायचं, वारा कसा आहे, इंधन किती भरायचं, उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे वळायचं, हे ठरवून मी सही करतो. त्या सहीशिवाय कॅप्टनलाही जागचं हलता येत नाही. आमच्याकडे दोन तास दहा मिनिटं म्हणजे विमान इकडच्या जागेवरून सुटल्यापासून तिकडच्या जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. अंतर तेराशे चाळीस किलोमीटर. मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या उंबऱ्यापासून तुझ्या उंबऱ्यापर्यंत असं मी कधीही म्हटलेलं नाही. आईने ते तसं धरलं, आणि शेजारी बसून तू तिला तसं धरू दिलंस.

खरा हिशेब हवा तर घे. थेट विमान चार वर्षांपूर्वी बंद झालं. आता घरातून विमानतळावर जायला सव्वा तास, तिथे दोन तास आधी हजर राहायचं. दीड तास उडून मधल्या शहरात उतरायचं आणि साडेचार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ मोडून घ्यायची. मग पावणेदोन तासांचं दुसरं विमान, मग सामान, मग टॅक्सी. झाले बारा तास. हे आईला वाचून दाखव. आमच्याकडे दोन माणसं कमी आहेत, हेही हवं तर वाचून दाखव.

आणि मी का येत नाही हे तू मला विचारावंस? तू? बाबा गेले त्या दिवशी मी निघालो होतो. तुझा फोन सारखा लागलेला होता, म्हणून आपल्या खालच्या औषधवाल्याच्या दुकानात फोन करून मी निरोप ठेवला की विमान धुक्यामुळे अडकलंय, साडेपाचपर्यंत पोचतो, थांबा. मी पाच चाळीसला दारात होतो. बाहेरच्या खोलीतली फरशी पुसून झाली होती, बाबांचा पलंग भिंतीला उभा केला होता आणि लोक चहा पीत होते. कशाला आलास आता, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. निरोप मिळालाच नाही आणि स्मशानातला माणूस तीन वाजता बंद करतो म्हणाला, असं नंतर सांगितलंस. बरं, नसेल मिळाला. पण ते वाक्य मला मिळालं, आणि ते मी सहा वर्षं जपून ठेवलंय.

त्यानंतर मी दोनदा आलो. दोन्ही वेळा तू कारखान्यात असताना. अकराला आलो, आईबरोबर जेवलो, चारला निघालो. ती खूश होती. तू नव्हतीस म्हणून मीही होतो.

आईची काळजी मला नाही असं समजू नकोस. तुझा लोभ आहे तेवढा पुरे.

धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझे बारा तास आईला वाचून दाखवले. अगदी सव्वा आणि पावणेदोनसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की हे तू तुझ्या मनाचं वाचतेस. तो लहानपणापासून मिनिटाला पक्का आहे, दोन तास दहा म्हणाला म्हणजे दोन तास दहा. शिवाय दोनदा जेवायला येऊन गेला तो काय बारा तास घालवून? घे. चोरासारखा येऊन गेलास त्याचं फळ बघ. तिच्या लेखी तू पलीकडच्या गल्लीत राहतोस, आणि तरी येत नाहीस, आणि म्हणून ती ठणठणीत आहे.

मंगळवारी ही ठणठणीत बाई जिन्यात कोसळली. वळणावरच्या स्टुलापर्यंतही पोचली नाही. मी आणि समोरच्या शिंप्याने उचलून वर आणली. ओठ निळे पडले होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर त्याला कळवू नकोस, उगाच विमान पकडून धावत येईल. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी भांडी घासत बसले.

आता धुक्याबद्दल. सहा वर्षं मी हे बोलले नव्हते. तुझी लाज राखायची म्हणून नाही. बोलले असते तर तुझं तोंडही पाहिलं नसतं म्हणून. त्या दिवशी त्याच शहरातून, तुझ्याच शहरातून, दुसऱ्या कंपनीचं विमान सव्वाअकराला इथे उतरलं होतं. शिंप्याचा जावई त्यातून आला. बॅग सासऱ्यांकडे टाकून तो सरळ आपल्याकडे आला आणि बाबांबरोबर शेवटपर्यंत होता. परका माणूस पोचतो आणि पोटचा मुलगा धुक्यात अडकतो. धुकं काय माणूस बघून पडतं का रे? तू त्या सकाळी निघालाच नव्हतास. काम आटपून, सावकाश निघालास. एवढं तरी आता कबूल कर आणि मोकळा हो.

२ एप्रिलला अठरा दिवस आहेत. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिच्याशी बोल. ती मेली तर तुझ्या दोन तास दहा मिनिटांनी मेली असं मी म्हणेन, आणि चारचौघांत म्हणेन.

लोभाचं पुढचं तू बघ.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काम आटपून निघालो, असं तू लिहिलंस. ते एका अर्थी खरं आहे. सहा वर्षं जे सांगितलं नाही ते आता सांगतो. तुला बरं वाटावं म्हणून नाही. तू मला खोटा म्हणालीस म्हणून.

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा मी नुकताच कामावर बसलो होतो. साडेआठचं विमान आपल्या शहरात जाणारं होतं आणि त्याचा कागद माझ्याच टेबलावर होता. त्या विमानात मला शेवटची जागा मिळाली. एकशे शेहेचाळीस माणसं आणि मी. सही करायची, बॅग उचलायची आणि जाऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं.

तिकडे धुकं होतं. धुकं असलं तरी विमान सोडता येतं, पण उतरता आलं नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन लागतं. त्या सकाळी तो दुसरा विमानतळही धुक्यात चालला होता. तिसऱ्यापर्यंत जायचं तर इंधन वाढवावं लागत होतं, आणि तेवढं इंधन घेऊन, तेवढी माणसं घेऊन ते विमान वजनात बसत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला की कागद मला दे, मी सही करतो, तू जा. चांगला माणूस आहे. माझ्यासाठीच म्हणत होता. मी कागद दिला नाही. मी ते विमान थांबवलं, ताई. मीच. पाच तास पन्नास मिनिटं. हातात बॅग घेऊन मी दर अर्ध्या तासाने हवामान बघत होतो, आणि दर अर्ध्या तासाने नाही म्हणत होतो.

दुसऱ्या कंपनीने त्यांचं सोडलं. त्यांना दहा मिनिटांची फट मिळाली आणि ते उतरले. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शिंप्याच्या जावयाबद्दल आज कळलं.

मी सही केली असती तर कदाचित मलाही ती फट मिळाली असती आणि मी साडेबाराला घरी असतो. तुला वाटत असेल की मला याचा पश्चात्ताप होतो. होत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. उद्या तोच कागद समोर आला तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. हे बापाच्या मरणादिवशी बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा तू मला आळशी समज, निर्दयी समज, तेच बरं असं वाटलं. तू ते फार मन लावून समजलीस.

तुला मीही खूप बोललोय. निरोप पोचला नाही यात तुझा दोष नव्हता. औषधवाल्याने तो दिला असता तर तू थांबली असतीस, हे मला माहीत आहे. तेवढा तुझ्यावर विश्वास आहे.

आईला वेगळं पत्र लिहिलंय, सोबत आहे. तिच्या हातात दे, वाचून दाखवू नकोस. रजा मिळाली आहे. ३० तारखेला निघतो. दवाखान्याजवळ खोली घेतली आहे. तुझ्या घरात मी येणार नाही.

लोभ ठेव असं म्हणवत नाही, पण रागही जरा कमी ठेव.

धाकटा


२३ मार्च

चि. धाकट्यास आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. बारा तास लागतात, मी येत नव्हतो ते ताईच्या धाकाने, तू बरी आहेस म्हणून नव्हे, तू खरोखर आजारी आहेस, असं तू लिहिलंस. मग इतकी वर्षं दोन तास दहा मिनिटं काय लावलं होतंस रे? म्हाताऱ्या माणसाला अंतर सांगायचं तर दारापासून दारापर्यंत सांगावं. मी काय विमानाच्या पायऱ्यांवर राहते?

तुझी बहीण समजते की मला चित्र कळलं नाही. मी चाळीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या आणि झडपा धुतल्या आहेत. न उघडणारी झडप मला कळत नाही होय? पण तू येत नव्हतास याचं कारण दोनांपैकी एकच असणार होतं. मी बरी आहे, नाहीतर तुला माझी पडलेली नाही. मी पहिलं धरून बसले. कुठली आई दुसरं धरेल?

आज डॉक्टरबाईंकडे जाऊन सही करून आले. तुझ्या बहिणीला बरोबर नेलं नाही, ती वाटेत सुद्धा भांडते. तुम्ही दोघांनी मिळून मला जवळजवळ मारलं होतं, एकाने न येऊन आणि एकीने ओरडून. मला दोघांचाही फार राग आलाय. वाचले तर काढीन.

येताना जड काही उचलू नकोस.

आई


२४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आज लिहीत नाही. तो द्यायचा मला हक्क आहे का ते तू हे पत्र वाचून ठरव.

आईने सही केली. मी कारखान्यातून आले तर कागद जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवलेला. मी खाली बसले आणि रडले. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. विमानाचा भाग वाचून मला तुझा राग आला नाही, माझा आला. तरी तो मी गिळला असता, मला सवय आहे. पण त्याखाली तू लिहिलंस की निरोप मिळाला असता तर ताई थांबली असती, तेवढा विश्वास आहे. दोन दिवस ते वाक्य माझ्या मागे लागलंय. काल हातातला साचा फुटला.

निरोप मला मिळाला होता.

औषधवाला दोन वाजता स्वतः वर आला होता. चपला बाहेर काढून, हळू आवाजात, एकेक शब्द नीट सांगून गेला. धुकं, साडेपाच, थांबा. मी बरं म्हटलं. आणि अडीच वाजता बाबांना न्यायला सांगितलं. तीनला बंद होतं हेही खोटं. तिथला माणूस म्हणाला होता की सातपर्यंत केव्हाही आणा.

का, ते मी सहा वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. या घरात मी जन्मभर तुझी वाट बघितली आहे. तू यायचास म्हणून जेवण थांबायचं, तुझी परीक्षा म्हणून माझं लग्नाचं बोलणं थांबलं, तुझा फोन यायचा म्हणून सगळे गप्प बसायचे. बाबांना सकाळी एकटीने उचलून नीट झोपवलं, एकटीने माणसं बोलावली, आणि तरी सगळ्यांच्या तोंडी एकच, धाकटा कधी येतोय. मला वाटलं, आज एक दिवस हे घर माझ्या वेळेवर चालेल. तू येऊन रिकामी खोली बघावीस असं मला वाटलं होतं. आणि तू बघितलीस तेव्हा मला आनंद झाला नाही, एवढंच सांगते.

पुढे ते निभवायचं म्हणून मी औषधवाल्याला विसराळू ठरवलं. सहा वर्षं आईची औषधं दोन चौक पलीकडच्या दुकानातून आणते, उन्हातान्हात. आज त्याच्याकडे गेले. माफ करा म्हटलं. त्याने कशाबद्दल असं विचारलं नाही. आईला आता कुठली गोळी चालू आहे एवढंच विचारलं. आईलाही सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

तुझ्यावर ओरडत होते ती सगळी वर्षं मी हे झाकायला ओरडत होते. ओरडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. पण तू येत नव्हतास म्हणून आई मरायला निघाली, आणि तू येत नव्हतास तो माझ्यामुळे. तुझ्या मिनिटांमुळे नाही.

आता तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. ती दवाखान्यात असेल तेव्हा मी बाहेर बसेन, तू आत बस. पण ये. मी कधी कुणाला ये म्हटलेलं नाही, का नाही आलास एवढंच विचारत आले. ये.

लोभाबद्दल काही लिहिण्याची माझी हिंमत नाही.

ताई


२८ मार्च

ताई,

पत्र काल आलं. तीनदा वाचलं आणि फाडायला घेतलं. अर्ध्यावर थांबलो. माझ्या टेबलाच्या खणात त्याचे दोन तुकडे आहेत.

मला इतका राग आलाय की काल दोन कागद दुसऱ्याकडे दिले. डोकं ठिकाणावर नसताना सही करायची नाही असा आमचा नियम आहे. सहा वर्षं मी त्या औषधवाल्याला शिव्या घातल्या, धुक्याला घातल्या, स्वतःला घातल्या. तू थांबली असतीस तर मला बाबांचा चेहरा बघायला मिळाला असता. हे मी तुला माफ करू शकेन की नाही मला माहीत नाही. उगाच मोठेपणा करून केलं म्हणणार नाही.

पण तुझ्या लग्नाचं बोलणं माझ्या परीक्षेसाठी थांबलं होतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

हे पत्र कुरियरने पाठवतोय, म्हणजे माझ्याआधी पोचेल. दवाखान्याजवळची खोली सोडून दिली. ३० तारखेला सकाळी सहाला निघतोय, संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी पोचेन. उशीर झाला तर निरोप तुझ्याच फोनवर देईन. लागेपर्यंत करत राहीन.

बारा तासांत माझा राग जाणार नाही, तेव्हा तशी तयारी ठेव. आईला पुढे करू नकोस. दार तूच उघड.

धाकटा